मासा कोणत्या पाण्यातला, हे सांगणारे दुकान

सोलापुरात मासे विकत घेण्याच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक एवढेच विचारते, की मासा ताजा आहे ना. मला मात्र गेली काही वर्षे त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे हा मासा कोणत्या पाण्यातला. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर माशांच्या शरीरात राहणाऱ्या परजीवींचा अभ्यास हेच माझे रोजचे काम झाले आहे, आणि या कामात पाण्याचे नाव कळले नाही तर हाती आलेला मासा खाण्यापलीकडे कशाच्या उपयोगाचा राहत नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्या एका दुकानात मला नेमाने आणि विश्वासाने मिळते, त्या दुकानाविषयी हे लिहीत आहे.

दुकान जुन्या पेठेच्या कडेला आहे. एक ताई आणि त्यांचा मुलगा ते चालवतात. दुकानाला पाटी नाही. ओट्यामागे एक शाळेत असतो तसा छोटा फळा टांगलेला आहे आणि त्यावर रोज सकाळी खडूने माशाचे नाव आणि त्यापुढे पाण्याचे नाव लिहिलेले असते : चिलापी – उजनी; मरळ – हिप्परगा (हा शहराजवळचा तलाव); रोहू आणि कटला – आंध्र, बर्फातला; सुरमई – मुंबई. हा फळा त्यांनी माझ्यासाठी लावलेला नाही. उजनीची चिलापी हवी असणारे आणि आंध्रचा रोहू चालणारे अशी दोन प्रकारची गिऱ्हाइके त्यांच्याकडे पूर्वीपासून येतात आणि रोजची हुज्जत टळावी म्हणून ही सोय झाली, असे ताईंनी मला सांगितले. अभ्यासकाला लागणारी नोंद अशी व्यवहारातून आपोआप तयार झाली आहे, म्हणूनच मला ती अधिक विश्वसनीय वाटते.

पाण्याच्या नावाला मी एवढे महत्त्व का देतो, हे थोडे उलगडून सांगायला हवे. माशांचे थवे कोठून कोठे जातात आणि एका ठिकाणचे मासे दुसऱ्या ठिकाणच्या माशांत मिसळतात की नाही, हे शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे मासा पकडायचा, गुरांच्या कानात बिल्ला मारतात तसा त्याला क्रमांकाचा बिल्ला लावायचा, पाण्यात सोडायचा आणि तो पुन्हा कोठे सापडतो याची वाट पाहायची. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात तोच मासा दोनदा हाती यावा लागतो. हजारो मासे सोडले तरी परत मिळतात थोडेच, काही मासे बिल्ला लावताना दगावतात, आणि खोल समुद्रातला मासा तर वर ओढून आणेपर्यंतच मरतो. परजीवी ही मात्र निसर्गाने आधीच लावून ठेवलेली खूण असते. एखाद्या कृमीचे जीवनचक्र पूर्ण होण्यासाठी ठरावीक गोगलगाय, ठरावीक सूक्ष्म कवचधारी जीव, ठरावीक पक्षी किंवा ठरावीक मोठा मासा लागतो. ही सगळी मंडळी जेथे एकत्र नांदतात तेथेच माशाला त्या कृमीची लागण होते. असा कृमी अंगात असलेला मासा दुसरीकडे कोठे सापडला, तर तो आयुष्यात कधीतरी त्या लागणीच्या प्रदेशात राहून आला आहे, असे म्हणता येते, आणि त्यासाठी मासा एकदाच पकडला तरी पुरते.

सोलापूरच्या माणसाला हे समजणे अवघड नाही. चादरीवर लेबल कोणीही, कोठेही शिवू शकतो. जाणकार माणूस वीण पाहतो, सूत पाहतो आणि कापड कोठल्या मागावरचे ते सांगतो. परजीवी हा माशाच्या विणीचा भाग असतो. तो मागाहून शिवता येत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९३९ साली हेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या मेनच्या आखातात तांबूस रंगाच्या रेडफिश माशांवर स्फायरियन नावाचा कवचधारी परजीवी कोठे किती आढळतो हे पाहिले आणि त्यावरून माशांचे गट वेगळे आहेत का, याचा विचार केला. त्याच वर्षी डोगेल आणि बिखोव्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी कॅस्पियन समुद्रातील स्टर्जन माशांचे गट त्यांच्या परजीवींवरून निराळे ओळखले. पण या पद्धतीचे खरे वजन लोकांच्या लक्षात आले ते सॉकाय सॅमनच्या प्रकरणात, आणि ते प्रकरण मी वर्गात दरवर्षी सविस्तर सांगत असे.

सॉकाय सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, पहिले एक-दोन वर्षे बहुधा सरोवरात काढतो आणि मग समुद्रात जातो. उत्तर प्रशांत महासागराच्या मध्यभागी हे मासे चरत असताना ते अलास्काच्या नद्यांतून आले की आशियाच्या बाजूच्या कामचाटकातून, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. जपानी बोटी महासागरात मासेमारी करत होत्या आणि आपल्या नद्यांतला मासा आपल्याकडे परतण्याआधीच पकडला जातो, अशी अमेरिकेची तक्रार होती. १९५२ साली अमेरिका, कॅनडा आणि जपान यांच्यात करार झाला आणि जपानी बोटींनी सॅमनसाठी १७५ अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला जाऊ नये, अशी तात्पुरती रेषा ठरली. आता ही रेषा योग्य जागी आहे का, हे मासाच सांगू शकणार होता. कॅनडातील नॅनायमो येथील संशोधन केंद्रातल्या लिओ मार्गोलिस यांनी हजारो माशांच्या शरीरांत दोन परजीवी शोधले. एक ट्रायनोफोरस क्रॅसस या फीतकृमीची अळी. हा कृमी पाईक नावाच्या गोड्या पाण्यातील शिकारी माशात प्रौढ होतो आणि सॅमनच्या पिल्लांत त्याची अळी अलास्कातील ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या सरोवरांत शिरते. दुसरा डॅक्निटिस ट्रुटी हा आतड्यातला गोलकृमी, जो कामचाटकाच्या गोड्या पाण्यातील सॅमनच्या पिल्लांना लागतो. दोन्ही परजीवी माशाबरोबर समुद्रात जातात आणि त्याच्या सागरी आयुष्यात टिकून राहतात. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने दाखवून दिले, की दोन्ही खंडांचे मासे महासागराच्या मध्यात एकमेकांत मिसळतात. नकाशावर ओढलेली एक सरळ रेषा त्यांना वेगळे ठेवू शकत नव्हती. तीन देशांच्या वादात बोटाच्या पेराएवढ्या अळीची साक्ष काढली गेली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आता पुन्हा दुकानाकडे येतो. मी ताईंकडून मासा घेतो तेव्हा आतडी, यकृत आणि कल्ले वेगळ्या पिशवीत मागतो. बहुतेक विक्रेते ही मागणी ऐकून एकतर हसतात किंवा गर्दीत विसरून सगळे एकाच टोपलीत टाकतात. ताईंचा मुलगा प्रत्येक माशाची आतडी स्वतंत्र पिशवीत बांधतो आणि पिशवीवर जाड पेनाने माशाचा क्रमांक घालतो. हे काम तो वेगळे पैसे न घेता करतो. एका माशाचे अवयव दुसऱ्या माशाच्या अवयवांत मिसळले, तर किती माशांत परजीवी होता हे प्रमाण काढताच येत नाही, आणि हे प्रमाण हाच या अभ्यासाचा पाया आहे, हे मी त्याला एकदा समजावून सांगितले होते. त्यानंतर त्याच्या हातून एकदाही गफलत झालेली नाही.

या दुकानावरचा माझा विश्वास पक्का झाला तो मरळीच्या एका प्रसंगाने. पावसाळा संपता संपता मी दोन वेगवेगळ्या दिवशी मरळ घेतली. फळ्यावर दोन्ही दिवशी हिप्परगा असेच लिहिलेले होते. पहिल्या खेपेच्या माशांत स्नायूंमध्ये आणि आतल्या अवयवांवर पिवळसर गाठी होत्या. त्या पर्णकृमींच्या अळ्या असतात. हे कृमी बगळ्यांच्या तोंडात आणि घशात प्रौढ होतात. बगळा पाण्यात चोच घालतो तेव्हा त्यांची अंडी पाण्यात उतरतात, तेथून अळी गोगलगाईत शिरते, गोगलगाईतून बाहेर पडून माशात शिरते, आणि असा मासा बगळ्याने गिळला की फेरा पूर्ण होतो. काठाला शेवाळ, शेवाळात गोगलगाई आणि वर बगळे, अशा आपल्या तलावांत वाढलेल्या मरळीत या गाठी सापडणे अगदी स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या खेपेचे सगळे मासे निर्मळ निघाले. एकाही माशात एकही गाठ नव्हती.

गाठ नसणे हा पुरावा नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावत आलो आहे. तलावातल्या प्रत्येक माशाला लागण झालेली नसते, आणि चार-सहा मासे पाहून कोणी निष्कर्ष काढला तर तो मी स्वतः खोडून काढला असता. तरीही एका खेपेत सगळे आणि दुसऱ्या खेपेत एकही नाही, हे मनाला पटेना. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि म्हणालो, “ताई, हा मासा हिप्परग्याचा नसावा असं मला वाटतंय.” त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला बसायला स्टूल दिले, मासा आणून देणाऱ्या भोई दादांना तिथल्या तिथे फोन लावला आणि फोन ठेवून म्हणाल्या, “सर, तुमचं खरं आहे. कालचा माल हिप्परग्याच्या अलीकडच्या एका शेततळ्यातला होता. त्यांनी गावाचं नाव सांगितलं आणि मी ते तळ्याचं समजले.”

शेततळे म्हटल्यावर सगळा उलगडा झाला. आमच्या जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षांच्या बागांसाठी जी शेततळी खोदली आहेत, त्यांना तळाशी प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ-गवत माजत नाही, म्हणून गोगलगाईंना थारा कमी, आणि मासे सांभाळणारे शेतकरी पक्षी येऊ नयेत म्हणून वरून जाळी ताणतात. गोगलगाय आणि बगळा हे दोन्ही दुवे तुटले, की कृमीचा फेराही तुटतो. माशाच्या पोटातली निर्मळता त्या तळ्याचे वर्णन करत होती आणि ते मला वाचता आले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण ते वाचन खरे की खोटे, हे त्या एका फोनने ठरवले. तो फोन झाला नसता तर माझ्या वहीत हिप्परग्याच्या नावापुढे चुकीची नोंद कायमची राहिली असती. त्या दिवसापासून फळ्यावर शेततळ्याचा मासा असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

शहरातल्या दुसऱ्या एका विक्रेत्याचा अनुभव याच्या अगदी उलट होता. तेथे बर्फाच्या पेटीतून काढलेला रोहू मला उजनीचा म्हणून दिला गेला, आणि पेटीवरच्या पत्त्याकडे बोट दाखवल्यावर “खायचा तर आहे, पाणी कशाला विचारता?” असे उत्तर मिळाले. खाणाऱ्याच्या दृष्टीने त्या उत्तरात काही तथ्य असेलही, पण मी तेथे पुन्हा गेलो नाही.

वाम या माशासाठी मात्र मी ताईंचा विशेष ऋणी आहे. सापासारख्या लांबट वामीच्या आतड्यात सेंगा नावाचे फीतकृमी राहतात. मराठवाडा विद्यापीठातील शिंदे आणि जाधव यांनी १९८० साली गोदावरीच्या नावाने सेंगाची एक जाती वर्णन केली, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांना माशांच्या कृमींची गोडी या कामामुळे लागली. वाम रोज येत नाही. आली की ताई मला निरोप पाठवतात आणि मासा न चिरता ठेवतात. आतड्यातला फीतकृमी मासा मेल्यावर लवकर विरघळू लागतो, त्यामुळे पहाटे पकडलेली वाम सकाळीच हाती येणे मोलाचे ठरते. अर्थात आतड्यातले कृमी खूण म्हणून तितके खात्रीचे नसतात. त्यांतले पुष्कळ थोडे महिने जगतात आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतात. मासा गेल्या हंगामात कोठे चरत होता एवढेच ते सांगू शकतात. स्नायूंत किंवा पोटाच्या पोकळीत गाठ करून बसलेली अळी वर्षानुवर्षे टिकते, म्हणून लहानपणाची हकीकत तिच्याकडून कळते.

उजनी आणि हिप्परगा यांतला फरक परजीवींवरून सांगता येईल का, असे मला विद्यार्थी विचारतात. भीमेवरचे उजनी धरण आणि शहराजवळचा, इंग्रजी अमदानीत बांधलेला एकरूखचा तलाव, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो, ही दोन अगदी वेगळ्या स्वभावाची पाणी आहेत. परंतु उपसा योजनेने उजनीचे पाणी हिप्परग्यातही येऊ लागले आहे, आणि पाण्याबरोबर पिल्ले व गोगलगाई येत असतील तर खुणाही मिसळत जातील. म्हणून माझ्या वहीतल्या नोंदींवरून मी अद्याप कोणताही दावा करत नाही.

या दुकानाच्या काही उणिवाही सांगायला हव्यात. पहिली उणीव धुण्याची. मासे ओट्यावर मांडण्याआधी भरपूर पाण्याने धुतले जातात, जे गिऱ्हाइकांसाठी योग्यच आहे, पण त्यामुळे खवल्यांवर चिकटलेल्या माशांच्या उवा आणि कल्ल्यांवरचे बारीक कृमी वाहून जातात. उवा तर मासा मेल्यावर स्वतःच त्याला सोडून जातात. त्यामुळे बाहेरच्या परजीवींचा अभ्यास करायचा असेल, तर दुकानाचा उपयोग नाही. जाळ्याशीच जायला हवे.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे आणि ती समुद्रातल्या माशांची आहे. फळ्यावर सुरमईपुढे मुंबई लिहिलेले असते, पण मुंबई हे बाजाराचे नाव झाले, पाण्याचे नव्हे. तो मासा कोकणातला असू शकतो, गुजरातच्या किनाऱ्यावरचाही असू शकतो. ताईंना विचारले तर त्या प्रामाणिकपणे सांगतात, “सर, ट्रकवाल्याला जेवढं माहीत तेवढंच मला.” ही उणीव मला फार खटकते, कारण सुरमई हाच मासा या पद्धतीचे एक उत्तम उदाहरण आहे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या सुरमईंतील परजीवींची तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी विशेष लक्ष दिले ते शार्क आणि पाकट यांच्या आतड्यांत प्रौढ होणाऱ्या फीतकृमींच्या अळ्यांवर, ज्या सुरमईच्या शरीरात दीर्घकाळ टिकतात. ठिकाणागणिक अळ्यांची संख्या इतकी निराळी निघाली, की वेगाने पोहणारा हा मासा मोठेपणी आपला भाग सोडून फार लांब जात नसावा, असे दिसून आले. मासेमारीच्या नियमांसाठी याचा अर्थ सरळ आहे : एका भागातली सुरमई उपसून संपवली, तर ती जागा शेजारच्या भागातले मासे लगेच येऊन भरून काढतील, असे गृहीत धरता येत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या सुरमईविषयी मला हे ताईंच्या ओट्यावरून शिकता आले असते, पण त्यासाठी बंदराचे नाव माशाबरोबर सोलापुरापर्यंत यायला हवे. निदान पेटीवर उतरवल्याचे बंदर लिहिण्याची सक्ती व्हावी, असे मला कळकळीने वाटते.

गाठी दिसल्या म्हणून मासा टाकून द्यावा का, हा प्रश्न मला दुकानातच अनेकांनी विचारला आहे. गाठीचा भाग कापून काढावा आणि मासा पूर्ण शिजवावा. नीट शिजलेल्या माशातून या अळ्यांची लागण होत नाही. त्रास होतो तो कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खाल्ल्याने, आणि आपल्या कालवणात तशी वेळ येत नाही. ताई गाठींचा मासा गिऱ्हाइकाला दाखवून, सांगून देतात, हेही मी पाहिले आहे.

दर बाजाराप्रमाणेच आहेत आणि वजन चोख आहे. उजनीचा माल सकाळी लवकर येतो. साडेसातच्या आत गेल्यास निवड करता येते आणि ताईंना बोलायला उसंत असते. रविवारी अभ्यासाच्या कामासाठी जाऊ नये, कारण गर्दीत मुलाला पिशव्यांवर क्रमांक घालणे जमत नाही. श्रावणात दुकान बहुतेक दिवस बंद असते. आतडी आणि कल्ले हवे असतील तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावे, सोबत लहान पिशव्या आणि बर्फाचा डबा न्यावा, आणि फळ्यावर लिहिलेले असले तरी पाण्याचे नाव ताईंना एकदा तोंडी विचारावे. त्यांना काही शंका असेल, तर त्या तुमच्यासमोरच फोन लावतात.